चालणाऱ्या रोबोंची स्पर्धा: पंचाला तपासता येईल तेवढाच नियम लिहा

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरातल्या तुमच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घ्यायची आहे, रोबोनं रिमोटशिवाय, स्वतःच्या पायांवर सहा मीटर चालायचं. गेल्या वर्षी नियम एकच होता, सगळ्यांत कमी वेळ तो पहिला. एका संघानं तळपायाखाली बारीक रोलर बसवले, दुसऱ्याचा रोबो पाय न उचलता घासत गेला, तिसऱ्यावर मोबाईलवरून चालवल्याचा आरोप झाला, आणि बक्षीस समारंभात बाचाबाची झाली. म्हणून यंदा ‘कडक नियम आणि गुणांची पद्धत’ हवी आहे.

मी उद्यमनगरात जिग-फिक्स्चर आणि छोटी ऑटोमेशनची कामं करतो. इकडच्या कॉलेजांच्या रोबो स्पर्धांना पंच म्हणून बसायचं काम बऱ्याचदा अंगावर येतं. त्या दोन्ही कामांतून जे दिसलं ते लिहितो.

माझ्या मते नियम सैल असण्यापेक्षा ते तपासता न येणं ही तुमची खरी अडचण आहे. ‘रोबो चालला पाहिजे’ हे वाक्य कितीही ठळक अक्षरात छापलं तरी पंचाला मैदानात त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडे बोअर, म्हणजे यंत्रानं पाडलेलं भोक, मापात बरोबर आहे का हे बघायला गो-नोगो गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, आणि गेज हातात घेणारा माणूस कालच कामावर लागलेला असला तरी निकाल तोच येतो. स्पर्धेचा प्रत्येक नियम लिहून झाला की स्वतःला विचारा, ह्याचं गेज कुठाय? नसेल तर नियम खोडा किंवा गेज तयार करा.

याचं उत्तम उदाहरण रोबोंचं नाही, ॲथलेटिक्समधल्या चालण्याच्या शर्यतीचं आहे. तिथं नियम म्हणतो की जमिनीशी संपर्क तुटलेला डोळ्यांना दिसता कामा नये, आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. त्यातला ‘डोळ्यांना दिसता’ हा भाग महत्त्वाचा. स्लो मोशन कॅमेऱ्यात चांगल्या खेळाडूंचेही दोन्ही पाय क्षणभर हवेत सापडतात, पण मैदानावर पंचाचा डोळाच प्रमाण. नियम करणाऱ्यांनी पंचाची कुवत ओळखून व्याख्या लिहिली आहे.

तर चालण्याची व्याख्या. मी अशी सुचवेन: जमिनीला टेकणारा प्रत्येक भाग आलटून पालटून उचलला गेला पाहिजे, आणि टेकलेला असताना तो जमिनीवर सरकता किंवा फिरता कामा नये. चाक, रोलर, पट्टा हे शब्दही घालू नका. शब्द घातला की पळवाट निघते. एका स्पर्धेत मी पायाखाली बोट लावून विचारलं तर पोरगं शांतपणे म्हणालं, “सर, चाक न्हवं ते, रोलर हाय.” नियमात ‘चाक’ लिहिलेलं होतं, त्यामुळं त्याचं म्हणणं कागदावर बरोबरच होतं!

आता याचं गेज. काळ्या मॅट रंगाच्या फळीवर मीटरभर लांबीत पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर चाळणीनं पसरा आणि तपासणीच्या वेळी प्रत्येक रोबो त्यावरून एकदा चालवा. चालणारा रोबो सुटे सुटे ठसे सोडतो. रोलरवाला अखंड रेघ ओढतो. घासत जाणाऱ्याचे ठसे लांबट, शेपटी फुटल्यासारखे येतात. शेपटी पावलाच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त असेल तर ती घसरण, असं आधीच लिहून ठेवा आणि जागेवर स्टीलची पट्टी लावून मोजा. ठशाचा फोटो काढून गुणपत्रिकेला जोडला की पुढचा वाद संपतो, कारण पुरावा त्या रोबोनंच दिलेला असतो. रांगोळी जाड पडली तर पाऊल तिच्यावरच घसरतं, म्हणून थर अगदी पातळ हवा, खालचा काळा रंग दिसत राहील इतका. आणि ही तपासणी शर्यतीच्या फळीवर नको, वेगळ्या तुकड्यावर करा, नाहीतर पूड सेन्सरवर आणि सर्व्हो मोटरच्या गिअरमध्ये जाते.

दुसरं गेज म्हणजे आडवी पट्टी. मार्गात पंधरा मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी ठोका. पायाखाली लपवलेली चाकं लहान असतात, आणि आपल्या त्रिज्येएवढी पायरी चाकाला सहसा चढता येत नाही. पाय उचलणाऱ्याला पट्टीचं काही वाटत नाही. एका पट्टीत चाळण होते आणि ती प्रेक्षकांनाही दिसते.

काही यंत्रणा मात्र सीमेवरच्या आहेत, त्यांचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. ‘आरहेक्स’ प्रकारच्या रोबोला सहा इंग्रजी ‘सी’ आकाराचे पाय असतात आणि ते पूर्ण गोल फिरतात. पाय उचलला जातो, टेकतो, पण टेकलेला असताना वाकडा भाग जमिनीवर लोळतो. माझ्या व्याख्येप्रमाणे तो बाद. तुम्हाला हवा असेल तर ‘लोळणारा पाय चालेल’ असं स्पष्ट लिहा. डच कलाकार थिओ यान्सेनच्या दांड्यांच्या यंत्रणेवर बनवलेला रोबो बाराही महिने कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनात दिसतो, तो एका मोटरवर झकास चालतो आणि व्याख्येत बसतो. पण त्याला स्वतःहून वळता येत नसेल तर तो गुणांत मागं पडेल, आणि तसंच व्हायला हवं.

इथं स्पर्धेचा हेतू काय, हे ठरवावं लागतं. २०१५ साली अमेरिकेत पोमोना इथं डार्पाच्या, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, रोबोटिक्स चॅलेंजची अंतिम फेरी झाली. ती आपत्तीच्या जागी काम करणाऱ्या रोबोंसाठी होती. दरवाजा उघडणं, व्हॉल्व्ह फिरवणं, भिंतीला भोक पाडणं, राडारोड्यातून वाट काढणं, पायऱ्या चढणं अशी आठ कामं, प्रत्येकाला एक गुण आणि मुदत एक तास. जिंकला कोरियाचा ‘हुबो’, आणि त्याच्या गुडघ्यांवर आणि पावलांवर चाकं होती. सपाट जागेत तो गुडघे टेकून चाकांवर जायचा आणि पायऱ्या आल्या की उभा राहायचा. तिथं कुणी भांडलं नाही, कारण काम पुरं करणं हा हेतू होता, चालणं ही सक्ती नव्हती. उलट आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची जी आबू रोबोकॉन स्पर्धा असते, तिचा २०१९ साली यजमान मंगोलिया होता, तिथं संघाच्या दोन रोबोंपैकी दुसरा रोबो चार पायांवर घोड्यासारखा चालणं हीच अट होती, त्यामुळं चाकाचा प्रश्नच मिटला. तुम्ही ‘पायांचं तंत्र शिकावं’ म्हणून स्पर्धा घेताय, तेव्हा तुमची वाट रोबोकॉनची.

आता ‘स्वतःहून’ या शब्दाकडं येऊ. सरळ सहा मीटर चालायला रोबोला डोळे लागतच नाहीत. पावलांचा क्रम वेळेवर बसवला की झालं. म्हणजे तुमच्या गेल्या वर्षीच्या मार्गावर आंधळा रोबोही पहिला येऊ शकला असता. उपाय स्वस्त आहे. रोबो चालू करून सुरुवातीच्या चौकोनात ठेवला की पंचानं तीन चिठ्ठ्यांतली एक काढायची: सरळ, पंधरा अंश डावीकडे, पंधरा अंश उजवीकडे. तेवढ्या कोनात पंच स्वतः रोबो फिरवेल. मार्ग आठ बाय चार फुटी प्लायच्या फळ्यांचा केला तर त्याची रुंदी साधारण एक मीटर वीस सेंटीमीटर असते, मधोमध आखलेल्या काळ्या रेघेपासून कडेपर्यंत साठ. पंधरा अंशांनी तिरका निघालेला आंधळा रोबो सव्वादोन मीटरच्या आसपास फळीवरून खाली उतरतो. रेघ बघणारा वळून मार्गावर येतो. कोड वाचायची गरजच पडत नाही.

मोबाईलच्या आरोपाचं काय? ‘ब्लूटूथ मॉड्यूल काढून ठेवा’ असा नियम आता पुरत नाही, ईएसपी-३२ सारख्या चिपमध्ये रेडिओ आतच असतो. सगळ्या हॉलची झडती घेणं तुम्हाला जमणार नाही आणि घेऊही नये. मी असं करतो: रोबो सुटला की संघातले सगळे मार्गाकडं पाठ करून बाकावर बसतात, मोबाईल-लॅपटॉप पंचाच्या टेबलावर. प्रेक्षकांत मित्र बसवून चालवणारा महाभाग निघालाच, तर त्याच्यासाठी दुसरी अट: पहिल्या तीन क्रमांकांचा कोड निकालानंतर सर्वांसाठी खुला. ही अट आधीच छापली की बरेच उद्योग सुरूच होत नाहीत. पोरांना पाठ करून बसणं आवडत नाही, रोबो पडल्याचा आवाज आला की मान वळतेच. पहिल्या वेळी ताकीद द्या, तेवढं चालतं.

‘स्वतःहून’ म्हणजे नेमकं किती, हे मोठ्या स्पर्धांतही ठरवावंच लागतं. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला माणसांबरोबर मानवाकृती रोबोंची अर्धमॅरेथॉन झाली. पहिला आलेला ‘तियांगोंग’ एकवीस किलोमीटर २ तास ४० मिनिटं ४२ सेकंदांत धावला. वाटेत त्याच्या बॅटऱ्या बदलल्या आणि सोबत माणसं धावत होती. त्यांच्या नियमांत ते बसत होतं. तुमच्या नियमांत सोबत किती चालेल, हात कधी लावायचा, बॅटरी कधी बदलायची, हे तुम्ही लिहा. मी छोट्या स्पर्धेसाठी म्हणेन, फेरी चालू असताना बॅटरी बदलायची नाही.

आता गुण. वेळेवर निकाल लावायला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण भावनिक नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त रोबो शेवटपर्यंत पोचत नाहीत. वेळच मोजली तर त्या सगळ्यांना शून्य, आणि दोन मीटर सुंदर चाललेला व सुरुवातीलाच कोसळलेला एकाच रांगेत. म्हणून आधी अंतर, मग कौशल्य, आणि वेळ फक्त बरोबरी तोडायला. डार्पाच्या फेरीतही पहिल्या तिघांचे गुण आठपैकी आठच होते, क्रम लागला तो वेळेवर. हुबोनं ४४ मिनिटं २८ सेकंद घेतली होती.

शंभर गुणांची माझी वाटणी अशी. प्रत्येक पूर्ण मीटरला आठ, म्हणजे सहा मीटरचे अठ्ठेचाळीस. मार्गातल्या वळणाला बारा. आडव्या पट्टीला दहा, उताराला दहा. शेवटच्या चौकोनात स्वतःहून थांबून पाच सेकंद उभं राहिल्यास वीस. थांबण्याला वीस गुण बघून लोक भुवया उंचावतात. पण थांबायचं कुठं हे कळणं आणि थांबताना तोल न जाणं, दोन्ही अवघड असतं आणि आळशी संघ ते सोडून देतात.

हात लावला तर? इथं आकडा नीट निवडावा लागतो. प्रत्येक हाताला सहा गुण वजा, रोबो मागच्या मीटरच्या रेघेवर, घड्याळ चालूच, आणि ज्या टप्प्यात हात लागला त्या टप्प्याचे वळण-पट्टी-उताराचे गुण नाहीत. सहाच का? समजा एका संघानं मीटरमागे एकदा धरून धरून रोबो शेवटपर्यंत नेला. त्याचे अठ्ठेचाळीसातून छत्तीस गेले, उरले बारा. दुसऱ्याचा रोबो कुणीही हात न लावता दोन मीटर चालला आणि पडला, त्याला सोळा. माझ्या दृष्टीनं दुसरा वरचढ, आणि हिशोबही तेच म्हणतो. वजावट तीन ठेवली तर पहिल्याला तीस मिळतात आणि पोरं रोबोला शाळेत सोडायला निघाल्यासारखी हात धरून चालवतात. आठ ठेवली तर हात लावण्यात काहीच हशील उरत नाही, रोबो पडल्याबरोबर संघ हात वर करतो आणि प्रेक्षक कंटाळतात. तुम्ही मीटरचे गुण बदलले तर वजावटही बदला, ती मीटरच्या गुणांच्या जरा खालीच हवी.

पडणं म्हणजे काय हेही लिहा: पावलांखेरीज कुठलाही भाग फळीला टेकला की पडला. मग पंचानं मोठ्यानं दहा अंक मोजायचे. तेवढ्यात स्वतः उठला तर वजावट नाही. हा नियम ठेवाच. एखादा रोबो हातांनी रेटा देऊन उभा राहिला की अख्खा हॉल उठतो, आणि पुढच्या वर्षी तीन संघ तेच करून आणतात.

दोन पाय, चार पाय, सहा पाय एकत्र ठेवायचे का, हे संघ किती येतात यावर अवलंबून आहे. सहा पायांचा रोबो तीन पाय टेकवून तीन उचलतो, त्यामुळं गुरुत्वमध्याची लंबरेषा नेहमी टेकलेल्या पायांच्या त्रिकोणात राहते आणि तो पडतच नाही. दोन पायांच्या रोबोला एका पावलावर सगळा भार तोलावा लागतो. दोघांना एका तराजूत घालणं अन्याय आहे. द्विपाद संघ पाच-सहा असतील तर वेगळा गट करा. दोनच असतील तर वेगळं बक्षीस द्या, पण गुणांना दीडपट-दुप्पट असले गुणक लावू नका. दीडच का, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं आणि हरलेला संघ नेमका तोच विचारतो. द्विपाद गटात पावलाच्या आकाराला मर्यादा हवीच, नाहीतर ताटाएवढी, एकमेकांत अडकणारी पावलं येतात आणि रोबो पडणं विसरतो. रोबोकप या रोबोंच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या मानवाकृती गटात पावलाचा आकार गुरुत्वमध्याच्या उंचीशी बांधलेला असतो, आणि सेन्सरही माणसाच्या इंद्रियांशी जुळणारेच चालतात, लिडारला, म्हणजे लेसरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरला, मनाई आहे. तुम्हाला इतकं खोलात जायची गरज नाही. पावलाची लांबी रोबोच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको आणि एक पाऊल दुसऱ्याच्या खाचेत शिरता कामा नये, एवढं पुरे. मापासाठी चाळीस सेंटीमीटरची प्लायची उघडी पेटी करून घ्या. मावला तर आत, नाहीतर घरी.

तयार विकत आणलेल्या रोबो-कुत्र्यांचा प्रश्न तुमच्याकडं अजून आला नसेल तर येईल. सर्व्हो, कंट्रोलर, बॅटरी बाजारची चालेल, पाय स्वतःचे हवेत. तपासणीत एक पाय दहा मिनिटांत खोलून परत बसवायला सांगा. ज्यानं बनवलाय त्याच्या खिशात ॲलन की असतेच.

‘नावीन्य’ आणि ‘सादरीकरण’ यांचे वीस-वीस गुण गुणपत्रिकेत घालायचा मोह टाळा. त्याचं गेज नाही. वेगळं पारितोषिक ठेवा, मुख्य निकालात मिसळू नका.

मैदानाबद्दल थोडं. आपल्याकडं फ्लेक्स छापून मिळायला तासही लागत नाही, म्हणून मार्ग फ्लेक्सवर छापायची फार घाई असते. करू नका. चकाकीमुळं रेघ ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर फसतो, वळ्यांत पाय अडकतो, आणि तो गुळगुळीत असल्यानं पाय घसरतो. बारा मिलिमीटर प्लाय, मॅट पांढरा रंग, पन्नास मिलिमीटर काळी रेघ. चार फळ्यांत काटकोनात वळणारा मार्ग होतो. सांधे समतल करून वरून टेप. हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्या झाका, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि सकाळी सरळ गेलेला रोबो चार वाजता भरकटतो, मग संघ म्हणतो मार्ग बदलला. महिनाभर आधी प्रत्येक संघाला रंगवलेल्या प्लायचा हातभर तुकडा द्या. खर्च किरकोळ आहे आणि ‘आमच्या लॅबमध्ये चालत होता’ हे वाक्य निम्म्यानं कमी ऐकू येतं.

वेळापत्रक करताना साधा गुणाकार करा. चोवीस संघ, प्रत्येकी दोन फेऱ्या, तीन मिनिटं चालायला आणि दोन मांडायला, म्हणजे चार तास, जेवण सोडून. तीन मिनिटांत सहा मीटर म्हणजे सेकंदाला सव्वातीन सेंटीमीटरच्या थोडं वर, नवख्या संघाला गाठता येईल असा वेग. दोन फेऱ्यांतली चांगली धरायची की बेरीज करायची? पहिल्या दोन वर्षांत चांगली धरा. संघ मुरले की बेरजेवर या, कारण एकदाच चालणारा रोबो आणि दरवेळी चालणारा रोबो यांतला फरक तिथंच दिसतो.

सुरक्षेचं थोडक्यात: अंगावर दिसेल असं लाल बटण, लिथियम पॉलिमर बॅटरी तीन सेलपर्यंतच, चार्जिंग एकाच टेबलावर माणूस बसवून, शेजारी वाळूची बादली.

हरकत फक्त कप्तानानं, गुणपत्रिकेवर सही करण्याआधी घ्यायची. सही झाली की विषय संपला. प्रेक्षकांच्या मोबाईलचे व्हिडिओ पुरावा म्हणून घेऊ नका, तुमचा एक कॅमेरा शेवटच्या रेघेवर स्टँडला लावलेला असू दे, तोच. नियमांवरचे प्रश्न आणि उत्तरं सगळ्या संघांच्या एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणालाही खासगीत नाही. स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी नियम गोठवा.

एक काम मात्र याआधी करा. मसुदा झाला की तुमच्याच कॉलेजातली दोन-तीन हुशार, थोडी वांड पोरं बोलवा आणि त्यांना सांगा, हे नियम न मोडता यातून पळवाट काढून दाखवा, जो काढेल त्याला मिसळ माझ्याकडून. फडतरेंकडं की बावड्याला, ते त्यांना ठरवू दे. त्यांनी जे काढलं ते इथं टाका, मग वळणाची त्रिज्या आणि उताराचा कोन किती ठेवायचा ते बोलू. ते आकडे तुमच्याकडं येणाऱ्या रोबोंच्या पायांची लांबी कळल्याशिवाय मी देणार नाही.